शनिवार, रात्री साडेनऊ

(दृश्य : दुकानातलं टेबल. मागचं झाकण काढलेला लाकडी रेडिओ.)

कळ फिरवली तरी आवाज लगेच येत नाही. आधी व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, तापावे लागतात. मग हा हिरवा डोळा उजळतो. त्यातली काळी फट बारीक होत मिटली, की स्टेशन बरोबर लागलं समजायचं.

पुण्यातल्या या दुकानात काका अजून व्हॉल्व्हचे सेट दुरुस्त करतात. काटा ओढणारी ही दोरी पाहा. ती तुटली की काटा जागचा हलत नाही. काका चिमट्याने नवी दोरी ओवतात, बटणाच्या दांडीला फेरे देतात, चाकावरून घेतात आणि शेवटी स्प्रिंगला अडकवतात. ढिली राहिली तर घसरते, फार ताणली तर तुटते.

काटा हलला. मुंबई. पुणे.

मुंबईचं केंद्र १९२७ चं. पुण्याचं २ ऑक्टोबर १९५३ चं. त्याच्या आदल्याच वर्षी दिल्लीहून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता, आणि पुढे शनिवारी रात्री साडेनऊला मैफल, हे कितीतरी घरांत ठरूनच गेलं. नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण केसकर, मराठी माणूस. सिनेगीतांना त्यांनी कात्री लावली म्हणून लोक रागावले, सिनेगीतं ऐकवणाऱ्या श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे वळले. पण संस्थानं गेली तसा गवयांचा आश्रयही गेला होता. त्यांना रेडिओने मानधन दिलं, आणि मैफलीचं तिकीट ज्यांना कधी परवडलं नसतं त्यांच्या माजघरात या गवयांचा आवाज नेला. हे ऋण आपण फार कमी बोलून दाखवतो.

(दृश्य : स्टुडिओ. भोकांच्या तक्त्यांनी मढवलेल्या भिंती. तानपुरा.)

ही भोकं आवाज शोषून घेण्यासाठी. इथे टाळी वाजवा, हातातल्या हातात विरते. दारावर लाल दिवा. तो लागला की खोकलासुद्धा गिळायचा. १९४० ते १९७१ या काळात इथे तानपुऱ्याशेजारी पेटी दिसली नसती. पेटीतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही, म्हणून तिला रेडिओवर बंदी होती. साथीला सारंगी असायची.

मैफलीखेरीज श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची नाटकं. त्यांचं सामान बघा : नारळाच्या करवंट्या, एक पत्रा, सेलोफेनचा कागद. करवंट्या फरशीवर वाजल्या की घोडा दौडतो. पत्रा हलवला की आभाळ गडगडतं. कागद माइकजवळ हळूच चुरगळा... ऐका. घर पेटलं.

आणि भाषणं. मिनिटं मोजून दिलेली. कागदांना टाचणी लावायची नाही, पान उलटायचं नाही, नुसतं बाजूला सरकवायचं, नाहीतर खडखड सगळ्या महाराष्ट्राला ऐकू जाणार. सरदार पटेल स्मृती व्याख्यानं १९५५ मध्ये सुरू झाली ती राजाजींच्या, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या व्याख्यानाने.

(दृश्य : टेपची रिळं.)

१९७२ मध्ये मुंबईला दूरदर्शन आलं, आणि ऐकणारी घरं बघू लागली. टेप महाग होती; कितीतरी ध्वनिमुद्रणं पुसून त्याच रिळांवर नवी केली गेली.

(दृश्य : पुन्हा दुकान.)

काकांनी झाकण लावलं. चार स्क्रू. हिरवा डोळा उजळला, फट मिटली.

(निवेदन थांबतं. तानपुऱ्याचा आवाज चालू राहतो.)