विकायच्या घराचे फोटो

मंडळी, सुरुवात माझ्याच फजितीने करतो. कोथरूडचा आमचा टू बीएचके विकायला काढला, तेव्हा हॉलचा फोटो मी मोबाईलच्या त्या ०.५ वाल्या लेन्सने काढला. दहा बाय पंधराचा हॉल, फोटोत दिसला मंगल कार्यालयासारखा! फोनही भरपूर आले. पहिल्याच रविवारी एक जोडपं आलं. गृहस्थांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं मोजली आणि म्हणाले, "फोटोत मोठा वाटला होता हो." असे सात जण चहा पिऊन गेले.

तेव्हापासून हॉलला साधी १ वालीच लेन्स. कोपऱ्याला पाठ लावून उभं राहायचं आणि फोन आडवा, छातीच्या उंचीवर धरायचा. वरून खाली झुकवला की भिंती कलंडतात. दाराची चौकट सरळ उभी दिसतेय ना, तेवढं बघा. ०.५ बाथरूमपुरती ठेवा, तिथे मागे सरकायला जागाच नसते. आणि कमोडचं झाकण बंद, प्लीज. फोटोखाली कार्पेट एरियाच लिहा, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येते तेवढीच जागा. २०१६च्या रेरा कायद्याने, म्हणजे घरबांधणी व्यवसायावर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याने, बिल्डरलाही तोच सांगावा लागतो, मग आपण कशाला बाहेरच्या भिंतीही धरून बिल्ट-अपचे आकडे फुगवायचे?

फोटो म्हटलं की आपण घरातले सगळे दिवे लावतो. ट्यूब निळसर, बल्ब पिवळा, खिडकीतून ऊन. यातलं पांढरं कशाला म्हणायचं हे कॅमेऱ्याला कळत नाही आणि भिंत चट्टेरी दिसते. दिवे बंद करा, पडदे बाजूला सारा. पूर्वेच्या खोल्या दुपारी, पश्चिमेच्या सकाळी, म्हणजे थेट ऊन आत नसताना. खिडकी पांढरीफटक येत असेल तर स्क्रीनवर तिच्यावर बोट टेकवा.

आता ओटा. वीस वर्षांच्या सवयीने आपल्याला आपला ओटा दिसतच नाही. म्हणून आवरायच्या आधीच एक फोटो काढा आणि तो मोठा करून, परक्याचं घर समजून बघा. आमच्या ताईच्या फोटोत काय काय निघालं! मिक्सरची लोंबती वायर, तेलाच्या बरणीखालचा तेलकट पेपर, नळाला वाळत घातलेलं फडकं. आणि फ्रिजवर, चुंबकाखाली, विजेचं बिल: नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, सगळं वाचता येत होतं. तो फोटो तसाच टाकला असता तर?

आवरणं म्हणजे लपवणं नव्हे, बरं का. भिंतीची ओल एडिट करून पुसू नका. गिऱ्हाईक येतं तेच मुळी भिंतीला हात लावत. देवघरही राहू द्या, माझ्या मते त्याने स्वयंपाकघराला घरपण येतं. पार्किंग, जिना, लिफ्ट यांचा एकेक फोटो पुरे.

कधी काढायचे, असं मागे कुणीतरी विचारलं. पितृपंधरवड्यात. तेव्हा बहुतेक कोणी घर बघायला फिरकत नाही, पाऊस ओसरत आलेला असतो, झाडं धुतलेली असतात. काढून ठेवा आणि घटस्थापनेला टाका, दसऱ्याची गिऱ्हाइकं तेव्हाच शोधायला लागतात.