प्रश्नच एका बाजूला झुकलेला असेल तर?

परीक्षेला दोन गट बसले आणि एका प्रश्नात एक गट बराच पुढे गेला, तर लगेच प्रश्न पक्षपाती म्हणायचा का? नाही ना. त्या गटाला तो विषय नीट शिकायला मिळाला असेल, नुसता टक्क्यांतला फरक काहीच सिद्ध करत नाही.

अमेरिकेत मात्र १९८४ला तेच माप लावायचं ठरलं. गोल्डन रूल नावाच्या विमा कंपनीच्या खटल्यात परीक्षा तयार करणाऱ्या ईटीएस या संस्थेनं समझोता केला, की विमा एजंटांच्या परीक्षेत गोऱ्या-काळ्या उमेदवारांमधला फरक कमी असलेले प्रश्न आधी घ्यायचे. १९८७ला ईटीएसच्याच अध्यक्षांनी ही चूक झाली म्हणून सांगितलं.

मग बरोबर काय? तर सारख्या मार्कांची माणसं समोरासमोर ठेवायची. समजा दोन्ही गटांतले फक्त २० मार्कवाले घेतले, आणि त्या प्रश्नात एका गटाचे ६० टक्के बरोबर, दुसऱ्याचे ४०. म्हणजे ऑड्स (बरोबर भागिले चूक) १.५ आणि ०.६७, त्यांचा भागाकार २.२५. इथे खटकायला हवं, कारण एकूण मार्क तर सारखेच आहेत! मग २१वाले, २२वाले, असं प्रत्येक पायरीवर करत जायचं आणि सगळ्याचा मिळून एक आकडा काढायचा. ही मँटेल-हॅन्झेल पद्धत, मूळची १९५९ची, कॅन्सरच्या अभ्यासातली. १९८८ला हॉलंड आणि थेअर या संशोधकांनी ती परीक्षांना लावली. ईटीएस त्या आकड्याचा नैसर्गिक लॉग (ln) घेऊन २.३५नं गुणतं, चिन्ह सोडून बघितलं तर १च्या आत चालतं, दीडच्या वर गेलं आणि तो निव्वळ योगायोग नसला तर प्रश्न लाल यादीत. सगळीकडे २.२५च आलं असतं तर आपला प्रश्न १.९वर, म्हणजे गेलाच.

पण कमी मार्कवाल्यांत एक गट पुढे आणि जास्त मार्कवाल्यांत दुसरा, असं उलटसुलट असलं की बेरजेत सगळं पुसलं जातं. तिथे लॉजिस्टिक रिग्रेशन कामाला येतं, म्हणजे मार्क आणि गट यांनुसार बरोबर उत्तराची शक्यता कशी बदलते ते मांडणारं समीकरण.

आणि प्रश्न का झुकला हे आकडा सांगत नाही, ते माणसानंच वाचून शोधायचं. सॅट या अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेश परीक्षेत एकदा शब्दांची जोडी लावायला 'रेगाटा' आला होता, म्हणजे होड्यांची शर्यत. ज्याच्या घरादारात कुणी वल्हं धरलं नाही त्याला तर्क येत असूनही उत्तर कुठून येणार?

खरी गोची पुढेच आहे. जुळवणी करतो ती त्याच पेपरच्या मार्कांवर, त्यामुळे लाल प्रश्न काढून मार्क परत मोजतात, परत जुळवतात. पण सगळेच प्रश्न सारखे झुकलेले असतील तर मार्कही तितकेच झुकलेले, आणि मग यादीत एकही प्रश्न येत नाही.