‘मग तूच का करत नाहीस?’ : ख्रिस्ती वाचनाविषयी

प्रभूच्या नावाने आपणां सर्वांना सलाम.

आध्यात्मिक वाढीसाठी आणि हेतुपूर्ण जीवनासाठी कोणती पुस्तके वाचावीत, यावर बोलायला मला सांगितले आहे. यादी मी देणार आहे. पण त्याआधी आपल्यातल्याच एका थोर वाचक बाईविषयी सांगायचे आहे. पुस्तक वाचून माणूस उठतो आणि त्याच्या आयुष्याची दिशा बदलते, ती नेमकी कशी, हे पंडिता रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांची साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो याची स्वतः सांगितलेली हकिकत, १९०७ सालची. आपण पुण्याजवळ केडगावला जातो, त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनची इमारत पाहतो, फोटो काढतो, पण ती छोटी साक्ष फारशी वाचत नाही, याचे मला वाईट वाटते.

रमाबाई लहानपणापासून ग्रंथांतच वाढल्या. आईने शिकवलेले भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. ग्रंथ होते, तीर्थयात्रा होत्या, उपासतापास होते. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि थोरली बहीण गेली. पुढे लग्न होऊन त्या आसामात सिल्चरला राहत असताना घरच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. ती तिथे कशी आली, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांनी ती वाचली आणि त्यांना ती मनापासून आवडली. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपण ही हकिकत साधारण इथेच थांबवतो. रमाबाई मात्र थांबत नाहीत. त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे उमजायला कित्येक वर्षे गेली. ते उमजले तेही एक पुस्तक वाचताना. इंग्लंडमधल्या विल्यम हॅस्लम नावाच्या पाळकाचे ते आत्मचरित्र. हा माणूस पाळक झाला होता, लोकांना उपदेश करत होता, आणि त्याचे स्वतःचे मन मात्र प्रभूकडे वळले ते बऱ्याच वर्षांनी. ते वाचताना रमाबाईंनी पुस्तक बाजूला ठेवून स्वतःला विचारले की आपले काय? इतक्या विदुषी बाईने, जगभर नाव झालेले असताना, हा प्रश्न स्वतःला विचारला आणि त्याचे खरे उत्तर दिले. माझ्या मते आध्यात्मिक वाढ म्हणतात ती हीच.

त्यानंतर त्यांनी तीन माणसांच्या कार्याविषयी वाचले. ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारा जॉर्ज म्यूलर, जो पैशांसाठी कोणापुढे हात पसरत नसे, फक्त प्रार्थना करी आणि आलेल्या पैचा हिशोब ठेवी. चायना इनलँड मिशन सुरू करणारा हडसन टेलर. आणि न्यू हेब्रिडीज बेटांवर, म्हणजे आजच्या वानुआतूत, काम करणारा जॉन पेटन. ही चरित्रे वाचून त्यांना वाटले की देवावर असा भरवसा टाकून आपल्या देशातही काम का होऊ नये? कोणीतरी इथे असे काम सुरू करावे, असे त्यांना फार वाटू लागले. आणि मग मनात प्रश्न आला: दुसऱ्या कोणी करावे असे म्हणतेस, मग तूच का करत नाहीस?

कठीण काम दुसऱ्याने करावे अशी इच्छा धरणे किती सोपे असते, असेही त्या तिथेच लिहितात. मला वाटते, आजच्या आपल्या विषयाचा सगळा गाभा या प्रश्नात आला. १८९६ साली मध्य भारतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. ज्या बाईने दुष्काळात आईवडील गमावले होते, तिच्या डोळ्यांसमोर आता दुसऱ्यांचा दुष्काळ होता, आणि मनात ती तीन चरित्रे ताजी होती. केडगावचे काम असे उभे राहिले.

म्हणून तरुण मुले जेव्हा मला विचारतात, ‘सर, माझ्या जीवनाचा हेतू कोणत्या पुस्तकात सापडेल?’, तेव्हा मी सांगतो की हेतू पुस्तकात छापलेला नसतो. समोर एखादी गरज उभी राहते आणि तेव्हा तिला हो म्हणण्याइतके मन तयार असावे लागते. ते मन तयार करण्याचे काम वाचन करते. पाच सूत्रे आणि सात पायऱ्या सांगणारी पुस्तके मी सहसा सुचवत नाही. ती वाचून दोन दिवस उत्साह वाटतो, पण ती आपल्याकडून काही मागत नाहीत. ज्याने किंमत मोजून लिहिले, त्याचे वाचा. चरित्रे वाचा, आत्मचरित्रे वाचा, साक्षी वाचा.

आता यादी. सगळ्यात आधी पवित्र शास्त्र, हे तुम्हाला सांगायला नको. पण ते कसे वाचायचे हे सांगायला हवे, कारण उपासनेत ऐकलेल्या तुकड्यांपलीकडे आपल्यापैकी पुष्कळांचे वाचन जात नाही. मार्ककृत शुभवर्तमान एका बैठकीत वाचून पाहा. दोन तासांच्या आत होते. प्रभूच्या चालण्याचा वेग, शिष्यांची पुन्हापुन्हा होणारी फजिती, यरुशलेमेकडे वळलेली पावले, हे सगळे सलग वाचल्याशिवाय जाणवत नाही. आणि स्तोत्रसंहिता याच्या अगदी उलट, रोज एक स्तोत्र, सावकाश. त्यात ८८ वे स्तोत्र टाळू नका. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते, शेवटी दिलासा नाही. ज्या घरात दुखणे आहे, कर्ज आहे, मृत्यू झाला आहे, त्या घराला बोलायला शब्द नसतात. शास्त्राने ते शब्द प्रार्थना म्हणून आपल्या हाती दिले आहेत.

मननाची एक रीत डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाकडून घ्यावी. १९३५ ते १९३७ या काळात त्याने फिंकनवाल्डे इथे हिटलरच्या राजवटीपुढे न झुकणाऱ्या मंडळीच्या भावी पाळकांना शिकवले. तिथे रोज सकाळी अर्धा तास शांतपणे एकाच वचनसमूहावर मनन करायचे, आणि तो वचनसमूह आठवडाभर बदलायचा नाही, असा नियम होता. सुरुवातीला विद्यार्थी वैतागले. पुढे गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, ती शाळा बंद पाडली, मुले विखुरली, काही तुरुंगात गेली, तरी हे मनन पुष्कळांनी सोडले नाही. आपण आठवडाभर एकच उतारा घेऊन बसलो तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा येतो, हे खरे आहे. त्या दिवशी उठून जाऊ नका, एवढेच सांगेन.

बोनहोफरचे ‘शिष्यत्व’ या विषयावरचे पुस्तक १९३७ चे. स्वस्त कृपा आणि महाग कृपा हा भेद त्याने तिथे मांडला. पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिष्यत्वाशिवाय कृपा, वधस्तंभाशिवाय कृपा, ही सगळी स्वस्त कृपा. हे लिहिणारा माणूस १९३९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत सुखरूप पोहोचला होता. तिथे राहू शकला असता. काही आठवड्यांतच तो जर्मनीला परतला, कारण या दिवसांत आपल्या लोकांबरोबर राहिलो नाही तर नंतर त्यांच्यात उभे राहण्याचा हक्क आपल्याला उरणार नाही, असे त्याला वाटले. १९४३ च्या एप्रिलमध्ये अटक झाली, ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी दिली. पुस्तक अवघड आहे. चारचौघांनी मिळून वाचावे, एकट्याने वाचू नये.

यापेक्षा कितीतरी सोपे हवे असेल तर ब्रदर लॉरेन्स. सतराव्या शतकातला हा फ्रेंच माणूस, आधी सैनिक, मग पॅरिसच्या कार्मेलाईट मठात साधा बंधू. त्याला स्वयंपाकघराचे काम दिले होते, आणि त्या कामाची त्याला मुळात नावडच होती. पुढे तो वहाणा दुरुस्त करत असे. १६९१ साली तो वारल्यावर त्याची संभाषणे आणि पत्रे गोळा करून छापली गेली. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत मला फरक वाटत नाही, तव्यावरचे आम्लेटही मी देवाच्या प्रेमासाठी उलटतो, असे तो म्हणे. मंडळीतल्या ज्या बायका सकाळी चारला उठून डबे करून लोकलने कामाला जातात, त्यांनी मला विचारले की मननाला वेळ कुठून आणू, तर मी त्यांना हे पुस्तक देतो. छोटे आहे, पर्समध्ये मावते. पण पाळकांनीही ते वाचावे, कारण स्वयंपाकघरातल्या कामाला उपासना म्हणायला आपण व्यासपीठावरचे लोक अजून शिकलेलो नाही.

ऑगस्टीनचे ‘आत्मनिवेदन’ मोठे आहे. पहिल्यांदा वाचताना पहिले नऊ भाग वाचा, ते जीवनकथेचे आहेत. ते सबंध पुस्तक देवाला उद्देशून आहे, आपण शेजारच्या खोलीतून एखाद्याची प्रार्थना ऐकतो आहोत असे वाटते. ३८६ साली मिलानच्या बागेत तो रडत असताना त्याला कुठूनसा लहान मुलाचा आवाज ऐकू येतो, ‘घे आणि वाच, घे आणि वाच’. तो पौलाची पत्रे उघडतो आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातले, प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा, हे वचन त्याच्यापुढे येते. त्याने पुढे वाचले नाही, वाचण्याची गरजच वाटली नाही, असे तो सांगतो. मात्र तोवर त्याची कित्येक वर्षे तळमळीत गेली होती, आई मोनिका वर्षानुवर्षे त्याच्यासाठी रडत होती, आणि तो मिलानचा बिशप अँब्रोझ याची प्रवचने ऐकत होता. एका वचनाने काम झाले, ते इतक्या नांगरटीनंतर.

आता आपल्या मराठीकडे येतो, आणि इथे मला थोडे आग्रहाने बोलायचे आहे. आपल्या भाषेत ख्रिस्ती वाचन नाही, सगळे इंग्रजीत आहे, असे आपली मुले म्हणतात. इंग्लंडमधून गोव्याला आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. रविवारी आणि सणांना गोव्याच्या चर्चमध्ये ते वाचले जाई. पहिल्या छापील प्रती आज कुठेच उरलेल्या नाहीत, पण मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, आणि १९०७ साली मंगळूरलाच ते पुन्हा छापले गेले. जुनी भाषा आहे, अडखळायला होते. ओवी मोठ्याने म्हणा, अर्थ उलगडत जातो.

नारायण वामन टिळकांना नवा करार आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी प्रवाशाने दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले, त्या वाक्यांपासून त्यांना हलता येईना. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे अभंग आपण उपासनेत गातोच, पण गाणे आणि वाचणे वेगळे. एक अभंग गायनाशिवाय नुसता वाचा. आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर साऱ्या मराठी वाचकांनी डोक्यावर घेतली आहेत. त्यातल्या विनोदाचे कौतुक सगळे करतात, मी आज दुसऱ्या एका जागेकडे लक्ष वेधतो. नवऱ्याने धर्म बदलला, बाई सोवळेओवळे कडक पाळणाऱ्या. एके दिवशी त्यांच्या मनात येते की जात देवाने केली की माणसाने? त्यावर त्या स्वतःशीच विचार करत जातात आणि ठरवतात की आजपासून मी कोणाच्याही हातचे खाईन. कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. बाप्तिस्मा पुढे कधीतरी झाला, पण मला विचाराल तर मन तिथेच वळले. पतीने अर्धवट ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताच्या जीवनावरचे काव्य नंतर त्यांनीच पुरे केले.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ प्रोटेस्टंट घरांतही असावे असे मला मनापासून वाटते. टिपा उत्तम आहेत, मराठी निर्मळ आहे, साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला. ते कॅथलिकांचे आणि हे आमचे, हा हिशोब वाचनात तरी करू नये.

शंकांविषयी दोन शब्द. वाचताना शंका आल्या तर काही जण घाबरून पुस्तक मिटतात. रमाबाईंनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून किती वाद घातला आहे! त्रैक्याविषयी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव या शिकवणीविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी, स्वतःच्या विवेकाविषयी. त्या वाद घालत राहिल्या आणि वाचतही राहिल्या. त्याच बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले, खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून. १९२२ साली मृत्यूपूर्वी ते काम त्यांनी संपवले, आणि त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी केली. ज्यांना दुष्काळातून उचलून आणले, त्यांच्यातल्या कित्येकींनी तिथे अक्षरे जुळवायला शिकून घेतले होते.

तर या वर्षी काय करायचे? माझे म्हणणे असे की बारा पुस्तके वाचू नका. तीन वाचा. एक शुभवर्तमान, लूक घ्या, रमाबाईंची सुरुवात तिथून झाली. एक चरित्र किंवा आत्मचरित्र, ज्याला जे झेपेल ते. आणि ब्रदर लॉरेन्स. वाचताना जवळ एक वही ठेवा, पण त्यात आवडलेली वाक्ये उतरवू नका. या आठवड्यात कोणाकडे जायचे, कोणाची क्षमा मागायची, कोणाचे पैसे परत करायचे, एवढेच त्यात लिहा, आणि झाले की खोडा.

मंडळीत ज्यांना आता दिसत नाही किंवा जे कधी शाळेत गेले नाहीत, अशा वडीलधाऱ्यांची नावे पाळकांकडे आहेत. रविवारी उपासनेनंतर ती मागून घ्या. एकेकाने एक घर घ्यावे आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास तिथे बसून मोठ्याने वाचावे. ज्यांना या आठवड्यापासून जमेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटा, घरे आजच वाटून घेऊ.