तिरके पोहणारे आबा

नमस्कार. रेडिओवरच्या आजच्या भाषणासाठी मला कागदावर विषय लिहून आला तो असा : ‘विद्यापीठस्तरीय जलतरण तलाव व मनोरंजन सुविधा, विद्यार्थी आणि सभासदांकरिता’. एवढं ओझं घेऊन पाण्यात उतरलं तर माणूस सरळ तळाला जाईल. आपण त्याला टँक म्हणू. सांगलीत सगळे टँकच म्हणतात.

शिवाजी विद्यापीठाला जोडलेल्या एका कॉलेजात मी अठ्ठावीस वर्षं जिमखाना सांभाळला. त्यातली निम्मी तरी टँकच्या कट्ट्यावर, गळ्यात शिट्टी अडकवून गेली. घरी जेवताना मुलं गोंगाट करायला लागली की माझा हात अजून गळ्याकडे जातो.

तर टँक. लांबी २५ मीटर, रुंदी १२. उथळ बाजूला कमरेएवढं पाणी, खोल बाजूला डोक्यावरून. शेजारच्या हॉलमध्ये टेबल टेनिसची दोन टेबलं, कॅरम आणि वर व्यायामशाळा. व्यायामशाळेबद्दल मी काही बोलणार नाही. तिथं मुलं वजनं कमी उचलतात आणि आरशात जास्त बघतात. बोललोच शेवटी.

प्रवेश कुणाला? विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर. प्राध्यापक, माजी विद्यार्थी आणि गावातली मंडळी यांना सभासद होऊन. सभासदाला दोन फोटो आणि डॉक्टरचा दाखला लागतो. खोल बाजूला जायचं असेल तर चाचणी : न थांबता दोन फेऱ्या आणि मग एक मिनिट जागच्या जागी तरंगणं. नियम बरेच आहेत, पण तुम्ही दोनच लक्षात ठेवा. पाण्यात उतरण्याआधी शॉवर घ्यायचा आणि डोक्याला टोपी घालायची. आधी शॉवर, मग टोपी, मग पाणी. का, ते पुढे सांगतो. आधी आबा.

आबा सांगलवाडीचे. वय सत्तरीच्या पुढे, अंगानं काटक, कानात बाळी. जन्म नदीकाठचा. म्हशीची शेपटी धरून पोहायला शिकलेले. त्यांचा नातू आमच्याकडे बी.एस्सी.ला होता. आबा रोज पहाटे कृष्णेत उतरायचे. घरच्यांनी एका उन्हाळ्यात ते बंद केलं, कारण मगरी. आपल्या पट्ट्यात, औदुंबर-भिलवडीपासून खाली सांगलीपर्यंत, कृष्णेत मगरी आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. आबांचं म्हणणं, ‘‘ती तिच्या वाटंनं जाती, मी माझ्या.’’ सूनबाईंना हे काही पटलं नाही. नातवानं सभासदत्वाचा फॉर्म भरला आणि सोमवारी सकाळी सहाच्या बॅचला आबा माझ्यासमोर उभे राहिले. लंगोट, खांद्यावर धोतर.

मी म्हटलं, ‘‘आबा, आधी शॉवर घ्या.’’

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच नवीन आहे. ‘‘सर, नदीत उतरायच्या आधी कोण आंघोळ करतंय? आंघोळीलाच तर जातोय नदीला.’’

याला उत्तर नाही. तरी शॉवर घेतला त्यांनी. लंगोट चालत नाही म्हटल्यावर नातवाची नायलॉनची चड्डी घातली. टोपीला मात्र दहा मिनिटं गेली. रबराची टोपी डोक्यावर बसली तेव्हा म्हणाले, ‘‘आता मी कांद्यागत दिसतोय.’’ आणि खरंच दिसत होते.

मग चाचणी. शिट्टी वाजली, आबा पाण्यात शिरले. शिरले म्हणजे काय, आवाजच नाही. आमची पोरं सूर मारतात तेव्हा कट्ट्यावरची वर्तमानपत्रं भिजतात. आबा नुसते पाण्यात मिसळले. डोकं वर, नजर पुढं, हात पाण्याखालून. आणि पाच-सात मीटर जातात न जातात तोच डावीकडे सरकायला लागले. दुसऱ्या लेनमधून तिसऱ्या, तिसऱ्यातून चौथ्या. चौथ्या लेनमध्ये आमच्या अर्थशास्त्राच्या मॅडम पाठीवर पोहत होत्या, त्यांना समोरचं दिसण्याचा प्रश्नच नव्हता. टक्कर झाली. मॅडम किंचाळल्या, आबांनी पाण्यातल्या पाण्यात दोन्ही हात जोडले. हात जोडलेले, तरी बुडत नव्हते, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं. आबा तसेच पुढे गेले आणि डाव्या भिंतीला लागले.

मी ओरडलो, ‘‘आबा, सरळ! खालची काळी रेघ बघा!’’

‘‘खाली कशाला बघू? खाली काय हाय?’’

परत फिरले. आता उजवीकडे सरकायला लागले. म्हणजे पुन्हा त्याच भिंतीला! जाताना डावीकडे, येताना उजवीकडे, दोन्ही वेळा भिंत एकच. आठवडाभर हेच. मी दोरी बांधली, लेनच्या तोंडाशी उभा राहिलो, हातवारे केले. पोरं हसायची. मी वैतागून एकदा म्हटलं, ‘‘आबा, तुम्हाला डोळ्याचा नंबर आहे का?’’

तेव्हा त्यांनी मला कट्ट्यावर बसवलं आणि ओल्या बोटानं फरशीवर नदी काढली. दोन रेघा. हा सांगलवाडीचा काठ, हा सांगलीचा. वर आयर्विन पूल, खाली हरिपूर, जिथं वारणा येऊन मिळते. म्हणाले, ‘‘सर, इकडनं तिकडं जायचं तर घाटाच्या समोर तोंड करून पवलं की माणूस हरिपुरात निघतोय. म्हणून तोंड वरच्या अंगाला धरायचं. पाणी खाली वडतंय, आपण वर वडायचं, मंग बराब्बर घाटाला लागतोय.’’

सांगलवाडीहून सांगलीकडे येताना नदीचं वरचं अंग डाव्या हाताला. परत जाताना उजव्या हाताला. साठ वर्षं हे अंगात मुरलेलं. आबा आमच्या टँकमध्ये बरोबर पोहत होते. टँकमध्ये नदी नव्हती, एवढंच.

फरशीवरची नदी वाळत आली तेव्हा म्हणाले, ‘‘तुमचं पाणी कुठं जातच न्हाई. मग माणसानं कळायचं कसं, कुठं चाललोय ते?’’

हे झालं अर्ध. आता पुढचं ऐका, कारण त्यात माझी फजिती आहे आणि ती मी दरवर्षी नव्या बॅचला सांगायचो.

एका शनिवारी आमचा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला फ्रीस्टाइलवाला पोरगा सराव करत होता. मासा. आबांनी त्याला मनापासून शाबासकी दिली आणि म्हणाले, ‘‘आता कपडे घालून पवून दाखव.’’

पोरगा हसला. जीन्स, शर्ट चढवला, उडी टाकली. पहिले दहा मीटर ठीक. मग जीन्स जड झाली, पाय उचलेनात, शर्टाची बाही प्रत्येक हाताला मागं ओढायला लागली. फेरीच्या निम्म्यातच त्यानं कठडा धरला. सगळे गप्प.

आता मी शिक्षक. माझ्या विद्यार्थ्याची लाज राखायला नको? ट्रॅकसूट होता, पायात बूट होते. म्हटलं, त्यात काय एवढं, आणि तसाच शिरलो. शॉवर न घेता, टोपी न घालता. नियम करणारानं नियम मोडायला सात सेकंद लागले. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत खोल बाजूला वळलो आणि बुटांनी मला सांगितलं, सर, आता बास. जाकिटात पाणी भरलेलं, चेन उघडेना, श्वास लागलेला. शिट्टी गळ्यातच होती. वाजवायची तर तोंड पाण्याबाहेर हवं ना.

लाइफगार्ड म्हणून नेमलेला आमचा पोरगा उडी मारायच्या बेतात होता. आबांनी त्याचा दंड धरला. ‘‘उडी मारू नगंस. तुलाबी धरंल आणि दोघं जाशिला.’’ स्वतः कट्ट्यावर पालथे पडले आणि खांद्यावरचं धोतर माझ्याकडे फेकलं. ‘‘सर, धरा. नुसतं धरा, पवू नका.’’ मी धरलं. लांब धोतर, वजनाला सूत, पण ओढून काढलं मला. वर आल्यावर पहिलं वाक्य माझं नव्हतं, त्यांचंच होतं : ‘‘पाण्यात पडणारा माणूस चड्डी घालून पडत न्हाई, सर.’’

श्रोतेहो, एवढं पुन्हा सांगतो, कारण रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही. बुडणाऱ्याकडे उडी मारू नका. काहीतरी फेका. धोतर, साडी, ओढणी, दोर, रिकामा कॅन, लांब काठी. आधी फेका, आणि स्वतः पालथे पडा म्हणजे तुम्ही ओढले जाणार नाही.

त्या दिवशी फिल्टरमध्ये माझ्या ट्रॅकसूटचे धागे अडकले, ते मी स्वतः काढले. पण तेव्हापासून वर्षातून एकदा, टँक धुवायच्या आदल्या दिवशी, धुतलेले साधे कपडे घालून पोहण्याचा सराव आम्ही ठेवला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. गल्ल्यांतून होड्या फिरत होत्या. तेव्हा त्या सरावातली पोरं मदतीला गेली होती, आणि कुणी पाण्यात उड्या मारल्या नाहीत. दोर घेऊन गेली.

आता शॉवर आणि टोपीचं. टँकला जो उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, तो क्लोरीनचा असं लोक समजतात. पुरता तसा नाही. क्लोरीन आणि आपला घाम, तेल, आणि स्पष्टच बोलतो, लघवी, यांच्या मेळातून क्लोरामीन नावाची संयुगं तयार होतात. वास त्यांचा. म्हणजे वास जास्त तर माणसं अस्वच्छ. त्यात क्लोरीन जंतूंशी लढायचं सोडून घामाशी लढत बसतं. म्हणून आधी शॉवर. केस जाळीत अडकतात, म्हणून टोपी. आमचा माणूस रोज सकाळी बाटलीत पाणी घेऊन थेंब टाकतो. एका थेंबानं पिवळं होतं, ते क्लोरीन. दुसऱ्यानं लालसर होतं, ती आम्लता. पिवळा रंग तक्त्याशी जुळवून बघायचा. लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम क्लोरीन असलं की झालं.

‘‘सर, पाणी कधी बदलता?’’ असं सगळे विचारतात. वर्षातून एकदा टँक धुतो ते सोडलं तर बदलत नाही. वाळूच्या फिल्टरमधून फिरवतो, जेवढं उडतं-सांडतं तेवढं वरून भरतो. आमच्या टँकमध्ये साडेचार लाख लिटर पाणी आहे. हा आकडा जत, आटपाडीकडच्या पोरांना सांगितला की ती गप्प होतात. त्यांच्या घरी टँकर येतो. एप्रिल २०१६ मध्ये आपल्या मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, आठवत असेल. पहिल्या गाडीला १० वॅगन आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी. म्हणजे आमचा एक टँक रुळांवरून गेला. त्या उन्हाळ्यात आम्ही टँक बंद ठेवला आणि एकाही सभासदानं पैसे परत मागितले नाहीत. एकानं मागितले, पण तो व्यायामशाळेचा होता.

माझ्या दोन तक्रारी आहेत, पटकन सांगतो. पहिली, बायकांची बॅच. जिथं जाईन तिथं ती सकाळी अकराला. एप्रिलात सांगलीच्या उन्हात अकराला फरशीवर पाय ठेवून बघा. पहाटेचं गार पाणी पुरुषांनाच का? आमच्याकडे ती सातला आणायला मला चार वर्षं आणि अकरा अर्ज लागले.

दुसरी, उतरायची सोय. पोलादी शिडी सगळीकडे आहे, उतार कुठंच नाही. आणि हा जिल्हा कुणाचा? पेठचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक आणलं. भारताचं पहिलं वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. त्यांच्या जिल्ह्यातल्या टँकला व्हीलचेअरवरून पाण्यापर्यंत जाता येत नसेल तर मी त्या टँकला अपुरा म्हणतो. आमचासुद्धा अपुराच आहे. निवृत्तीच्या दिवसापर्यंत अर्ज केला.

काचेपलीकडून मला बोट दाखवतायत, वेळ संपत आली.

आबांचं राहिलं. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा फॉर्म त्यांनी स्वतः भरला, नातवाला हात लावू दिला नाही. आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे : ‘पोहता येते काय? होय / नाही.’ आबांनी दोन्ही खोडलं होतं. खाली शाईच्या पेनानं, ठळक अक्षरात लिहिलं होतं : ‘येतं. सरळ येत न्हाई.’

मी शिक्का मारला आणि त्यांना भिंतीकडची शेवटची लेन दिली.