तू सांग, मी अडवते

श्रोतेहो, नमस्कार.

बारावी सायन्सची प्रॅक्टिकल्स तोंडावर आली आहेत आणि त्यांच्या पाठोपाठ लेखी परीक्षा. या दिवसांत घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आई, मी मैत्रिणीकडे अभ्यासाला जातेय." त्यावर आईचा चेहरा कसा होतो, तेही आपल्याला माहीत आहे. चार डोकी एकत्र आली की अभ्यास किती आणि गप्पा किती, हा हिशेब तिनं तिच्या काळात केलेला असतो! मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आज मी मुलांची बाजू घेणार आहे, पण निम्मीच.

निम्मी अशासाठी, की मुलं ज्याला एकमेकांना मदत करणं म्हणतात त्यातलं बरंचसं मदत नसतंच. नोट्सची पीडीएफ ग्रुपवर टाकली, झाली मदत. गेल्या वर्षीच्या पेपरचे फोटो पाठवले, झाली मदत. मोबाईलमध्ये अशा फायलींचा डोंगर साठतो आणि साठला म्हणूनच जरा हायसं वाटतं. वाचतं कोण? दुसरा प्रकार वाटणीचा. धडे आहेत सोळा, मुलं चार. "तू सॉलिड स्टेट आणि सोल्यूशन्स कर, मी अमाइन्स बघते, नंतर एकमेकांना समजावून देऊ." ते 'नंतर' काही उगवत नाही. परीक्षेला प्रत्येकजण आपापले चार धडे घेऊन बसतो आणि पेपर मात्र सोळांवर असतो.

मग खरी मदत कोणती? मला एकच प्रकार भरवशाचा वाटतो. एकानं मोठ्यानं सांगायचं आणि दुसऱ्यानं त्याला अडवायचं. सांगणाऱ्यापेक्षाही अडवणारा महत्त्वाचा.

केमिस्ट्रीत याची गरज जास्त आहे, कारण हा विषय वाचताना फार लवकर समजल्यासारखा वाटतो. सोडवलेलं गणित घ्या. पहिल्या ओळीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, सगळं कसं सरळ. मान डोलते आणि पान उलटतं. त्यातली एखादी ओळ आपण नुसती मान्य केली होती, कळली नव्हती, हे उघड होतं ते कुणीतरी "का?" विचारल्यावर.

परवा आमच्या लायब्ररीतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर चौघीजणी इलेक्ट्रोकेमिस्ट्री घेऊन बसल्या होत्या. मी मागच्या कपाटाशी पुस्तक शोधत होते, म्हणजे शोधायचं नाटक करत होते. झिंक आणि सिल्व्हरचा सेल, म्हणजे बॅटरी होती, आणि ती किती व्होल्ट देईल ते काढायचं होतं. झिंकचं स्टँडर्ड पोटेन्शिअल, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची ताकद, उणे ०.७६ व्होल्ट, सिल्व्हरचं अधिक ०.८०. समीकरण संतुलित केलं की एका झिंकमागे सिल्व्हरचे दोन आयन लागतात, कारण झिंक दोन इलेक्ट्रॉन सोडतं आणि सिल्व्हरचा आयन एकच घेतो. एकीनं झटक्यात लिहिलं, ०.८० दुणे १.६०, त्यात ०.७६ मिळवले, उत्तर २.३६ व्होल्ट. दुसरी म्हणाली, "अगं नाही, गुणायचं नसतं. १.५६ येतं." पहिलीनं विचारलं, "का नाही गुणायचं? सिल्व्हर दोन आहेत ना?" दुसरी म्हणाली, "सरांनी सांगितलंय, नाही गुणायचं." पहिली ऐकेना. म्हणाली, "सरांनी सांगितलं हे उत्तर झालं का?"

बघा, इथे बरोबर उत्तर येणारी मुलगी गप्प झाली. तिला पूर्ण मार्क मिळाले असते, यात शंका नाही. पण आपल्याला हे येतं असं तिला जे वाटत होतं, त्याखाली काहीच नव्हतं, आणि ते तिला त्या क्षणी कळलं. मग पुस्तक उघडलं, पानं उलटली, वाद झाला. शेवटी तिसरी, जी इतका वेळ नुसती ऐकत होती, ती म्हणाली, "व्होल्ट म्हणजे दर चार्जमागे किती एनर्जी, तो दर आहे. दोन किलो कांदे घेतले म्हणून कांद्याचा दर दुप्पट होतो का? बिल दुप्पट होतं." आणि बिल कुठे दिसतं, तर गिब्ज एनर्जीत, म्हणजे सेल एकूण किती काम करू शकतो त्या आकड्यात. तिथे इलेक्ट्रॉनांची संख्या गुणली जाते. दोन गुणिले ९६,५०० (एक मोल इलेक्ट्रॉनांचा चार्ज) गुणिले १.५६, म्हणजे सुमारे ३०१ किलोज्यूल, उणे चिन्हासह. मी वर्गात हा भाग दरवर्षी शिकवते. कांद्याचा दर मला सुचला नव्हता, तो आता मी उचलणार आहे.

यात सगळ्यात जास्त फायदा कुणाचा झाला असेल? माझं मत विचाराल तर त्या दुसरीचा, जिचं उत्तर आधीच बरोबर होतं. हुशार मुलांच्या पालकांना मी हे मुद्दाम सांगते, कारण त्यांची तक्रार मला ठाऊक आहे: "आमची दुसऱ्यांना शिकवत बसते, स्वतःचा अभ्यास कधी करणार?" अहो, तोच तिचा अभ्यास चाललाय. आणि शेजारणीला चार मार्क जास्त पडले म्हणून आपल्या मुलीचे बोर्डाचे मार्क कमी होत नाहीत. सीईटी या प्रवेश परीक्षेला पर्सेंटाइल, म्हणजे इतरांच्या तुलनेत तुमचा क्रम असतो हे खरं, पण त्या परीक्षेला लाखांनी मुलं बसतात. तिथे तीन मैत्रिणींना अंधारात ठेवून काय साधणार?

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जनरल केमिस्ट्री नावाचा पेपर असतो. इंजिनिअर व्हायचं असो, डॉक्टर व्हायचं असो, त्यातून जावं लागतं, आणि पुष्कळांची गाडी तिथेच अडते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९९० च्या दशकात या विषयासाठी विद्यार्थ्यांचे छोटे गट करायला सुरुवात झाली. सहा ते आठ जणांचा गट आणि त्याचा म्होरक्या कोण, तर हाच कोर्स आधी चांगल्या रीतीनं पार केलेला विद्यार्थी. प्राध्यापक नाही. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की त्या म्होरक्यानं उत्तरं सांगायची नाहीत. गटाला उत्तरांचा कागदच द्यायचा नाही. आपलं उत्तर बरोबर आहे हे गटानं आपसात वाद घालून ठरवायचं. आपल्याकडे गाइडमध्ये शेवटच्या पानावर उत्तर बघायची जी सवय आहे, तिच्या नेमकं उलट.

त्याआधी, १९७० च्या दशकात, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युरी ट्रायझमन यांनी कॅल्क्युलस या गणितातल्या विषयाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास कसा चालतो ते जवळून पाहिलं होतं. यशस्वी ठरणारे चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकेकटे बसून गणितं सोडवत, मग एकत्र येऊन वह्या ताडून बघत आणि एकमेकांना प्रश्न विचारत. मागे पडणारे कष्टाला कमी नव्हते, पण त्यांतले बरेच जण एकटेच झगडत होते. यातला 'आधी एकेकटे' हा भाग आपली मुलं नेमका विसरतात. कोरी वही घेऊन गटात जायचं म्हणजे दुसऱ्याच्या अभ्यासाला प्रेक्षक म्हणून जायचं. निदान दोन गणितांत डोकं आपटून, कुठे अडलो ते लिहून मग जावं.

आता थोडं कामाचं बोलू. बारावीच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल, म्हणजे आकडेमोडीचं छापील कोष्टक, चालतं. त्यामुळे केमिस्ट्री येऊनही आकडेमोडीत मार्क जातात. यावर जोडीनं बसण्यासारखा उपाय नाही. एकानं टेबल बघायचं, दुसऱ्यानं टेबल न बघता उत्तर साधारण किती यायला हवं ते आधी सांगायचं. समजा पीएच काढायचा आहे, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा: शुद्ध पाण्याचा सात, आणि आम्ल जितकं जास्त तितका तो कमी. हायड्रोजन आयनांची संहती, म्हणजे द्रावणातलं प्रमाण, ३.५ गुणिले दहाचा उणे चौथा घात आहे. साडेतीनचा लॉग ०.५४४१. घाईत मुलं तो चारमध्ये मिळवतात आणि पीएच ४.५४४१ लिहून मोकळी होतात. पण जोडीदारानं आधीच म्हणून ठेवलेलं असतं, "संहती दहाच्या उणे चौथ्या घातापेक्षा जास्त आहे, म्हणजे आम्ल जास्त, म्हणजे पीएच चारच्या आत." मग वजाबाकी आठवते, ३.४५५९.

कधीकधी जोडीदाराचं काम टेबल उघडूच न देणं हेही असतं. फर्स्ट ऑर्डर अभिक्रिया, म्हणजे जिच्यात दर अर्धायुष्यात उरलेलं निम्मं होतं ती, ७५ टक्के व्हायला ४० मिनिटं लागली, तर ९३.७५ टक्के व्हायला किती? मुलगा लगेच सूत्र मांडायला घेतो. थांब म्हणावं त्याला. पंचाहत्तर टक्के म्हणजे दोन अर्धायुष्यं, म्हणजे एक २० मिनिटांचं. तिसऱ्यात साडेसत्याऐंशी, चौथ्यात पावणेचौऱ्याण्णव. ८० मिनिटं, संपलं.

ऑरगॅनिकचं पाठांतर मात्र टेबल-खुर्चीवर बसून करू नये असं माझं मत आहे. आमच्याकडे खेड्यांवरून येणारी मुलं एसटीत जातायेता तेच करतात, आणि छान करतात. एकजण कॅटॅलिस्ट, म्हणजे अभिक्रियेला वेग देणारे पदार्थ सांगतो, "पॅलेडियम, बेरियम सल्फेट." दुसरा अभिक्रियेचं नाव सांगतो, "रोझेनमुंड. अ‍ॅसिड क्लोराइडचं आल्डिहाइड." इथे थांबलं तर ती नुसती अंताक्षरी झाली. चांगला गडी पुढे विचारतो, "बेरियम सल्फेट कशाला?" कॅटॅलिस्टचा जोर कमी करायला, नाहीतर आल्डिहाइडवर न थांबता गाडी अल्कोहोलपर्यंत जाते. किंवा "बेंझाल्डिहाइडला कॅनिझारो अभिक्रिया चालते, मग अ‍ॅसिटाल्डिहाइडला का नाही?" त्याला अल्फा हायड्रोजन, म्हणजे आल्डिहाइड गटाशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन आहे, म्हणून तो आल्डॉल नावाच्या दुसऱ्या अभिक्रियेकडे वळतो. कंडक्टर तिकीट फाडता फाडता हे सगळं ऐकत असतो, बिचाऱ्याला काय वाटत असेल कोण जाणे.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांनी समजावताना खुशाल मराठीत, आपल्या गावच्या बोलीत समजावावं. पटलं की मग उत्तराच्या दोन ओळी पेपरात लिहितो तशा इंग्रजीत लिहून एकमेकांच्या तपासाव्यात. दोन्ही कामं एकदम करू नयेत.

प्रॅक्टिकलच्या ३० मार्कांना मुलं घरचे मार्क समजतात. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक समोर बसले की मग तोंड उघडत नाही. पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन घ्या, म्हणजे ते थेंबथेंब सोडून दुसऱ्या द्रावणाचं प्रमाण मोजणं. सगळ्यांना ते करता येतं. पण दोघांनी शेजारी उभं राहून एकमेकांची उलटतपासणी घ्यावी. ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण ६०-७० अंशांपर्यंत का तापवलं? थंडात अभिक्रिया फार सावकाश होते. मग मोहर सॉल्टचं, म्हणजे लोखंडाच्या फेरस क्षाराचं, का नाही तापवलं? तिथे गरजही नाही, आणि तापवलं तर हवेतल्या ऑक्सिजननंच फेरसचं फेरिक व्हायला लागेल. ब्युरेटमधली, म्हणजे थेंब सोडायच्या मोजनळीतली, पातळी इतर वेळी खालच्या वक्राला वाचतो, इथे वरच्या कडेला का? जांभळा रंग इतका गडद की खालचा वक्र दिसतच नाही. आणि माझा आवडता प्रश्न: ऑक्झॅलिक आम्लात पडलेल्या पहिल्या थेंबाचा रंग रेंगाळतो, नंतरचे थेंब मात्र पडताक्षणी विरतात, असं का? अभिक्रियेत तयार होणारा मँगनीजचा आयन स्वतःच पुढच्या अभिक्रियेला वेग देतो. हे पुस्तकात एका ओळीत आहे. पण शेजारच्यानं "अरे, पहिला थेंब बघ" म्हणून फ्लास्क डोळ्यांसमोर धरला, की ते विसरणं अवघड.

गट किती जणांचा असावा, असं पालक विचारतात. तीन किंवा चार. पाचवा आला की दोन चुली होतात. गटात एक मूल असं असतंच जे प्रत्येक गोष्टीवर "हो, कळलं" म्हणतं. त्याला रागवू नका, पेन त्याच्या हातात द्या. पुढचं गणित त्यानं लिहायचं आणि बाकीच्यांनी बघायचं. पहिले दोन दिवस ते कसनुसं होईल, तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणेल, "थांबा, ही ओळ कशी आली?" आणि पेपरच्या आदल्या संध्याकाळी कुणी कुणाकडे जाऊ नये. फोनही करू नये. त्या वेळी मित्राला भलतंच काहीतरी येत असतं आणि आपल्याला नेमकं तेच येत नसतं. त्यानं जीव घाबरतो, शिकणं काहीच होत नाही.

वेळ संपत आली. आज संध्याकाळी अभ्यासाला एकत्र बसणार असाल तर एक प्रश्न देऊन ठेवते, कागद-पेन्सिल घ्या. हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण आहे, संहती दहाचा उणे आठवा घात मोलर, तापमान २५ अंश सेल्सिअस. पीएच किती? गटातला कुणीतरी लगेच म्हणेल, आठ. त्याला एवढंच विचारा, "पाण्यात आम्ल घातलं आणि पीएच सातच्या वर गेला?" त्यापुढचं तुम्ही आपसात भांडून काढा. नमस्कार.