रिंगखालचा उंच माणूस

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या नाशिकमध्ये आठवी-नववीतला एखादा मुलगा एकदम सहा फुटांच्या वर गेला, की दोन गोष्टी हमखास होतात. आजी म्हणते, "दारातून जाताना डोकं सांभाळ रे." आणि शाळेतले खेळाचे सर म्हणतात, "उद्यापासून बास्केटबॉलला ये, सेंटर खेळ." मग ते पोर हात वर करून रिंगखाली उभं राहतं. त्याला ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत नेणं, कुणी शिकवत नाही, पास कुणी शिकवत नाही. बॉल आला की वर ठेव, एवढंच.

आज या सेंटरबद्दल बोलायचंय. अमेरिकेतल्या एनबीएमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, एकाहून एक सेंटर होऊन गेले. त्यांतला सर्वांत कसबी कोण, हा वाद आपल्याकडेही रंगतो. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे नाशिकच्या थंडीत स्वेटर चढवून पहाटे मॅच लावणारी मंडळी इथं आहेत. पण त्यांचा वाद आकड्यांनी सुरू होतो आणि आकड्यांवरच अडतो.

आकडे म्हटले की विल्ट चेंबरलेन. २ मार्च १९६२ रोजी एका सामन्यात १०० गुण. त्या मोसमात सामन्यागणिक सरासरी ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड, म्हणजे शॉट चुकल्यावर पकडलेले बॉल. सामना ४८ मिनिटांचा आणि हा गडी सरासरी ४८.५ मिनिटं कोर्टवर, कारण जादा वेळेतही बाहेर बसायचा नाही! ऐकणारा गप्पच होतो. पण त्या काळी एकेक संघ सामन्यात शंभराहून जास्त वेळा बास्केटवर बॉल टाकायचा आणि त्यांतले निम्म्याहून जास्त चुकायचे. चुकलेला बॉल म्हणजे कुणाचा तरी रिबाउंड. रिबाउंडचं पीकच तेव्हा उदंड होतं.

बिल रसेलचं उलट. १३ मोसमांत ११ विजेतेपदं, पण त्यानं ब्लॉक किती केले, म्हणजे समोरच्याचे शॉट हवेतच किती अडवले, याचा अधिकृत आकडाच नाही. एनबीएनं ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये, रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये. शिवाय त्याची खरी करामत ब्लॉकच्या पुढची होती. बॉल फटकावून प्रेक्षकांत भिरकावला की टाळ्या मिळतात, पण बॉल पुन्हा समोरच्याच संघाकडे जातो. रसेल तो हलकेच आपल्या सहकाऱ्याकडे वळवायचा आणि तिथूनच त्याच्या बोस्टन संघाचा हल्ला सुरू व्हायचा. आज मोजणी होते, पण ब्लॉकच्या रकान्यात हा फरक आजही दिसत नाही.

मग तुलना करायची कशावरून? मी पायांवरून करतो.

सुरुवात जॉर्ज मिकनपासून. ६ फूट १० इंच उंची, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात आला तेव्हा अगदी अवघडलेला. प्रशिक्षक रे मायर यांनी त्याला नुसतं रिंगखाली उभं केलं नाही. दोरीच्या उड्या मारायला लावल्या, बॉक्सिंग करायला लावलं, चक्क नाच शिकायला लावला. मिकनच्या नावाचा सराव आजही जगभर चालतो. उजव्या हातानं बॉल बोर्डावर मारायचा, खाली पडू न देता घ्यायचा, एक पाऊल टाकायचं आणि दुसऱ्या बाजूनं डाव्या हातानं. पुन्हा उजवा, पुन्हा डावा, न थांबता. आपल्या शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर हा सराव फुकटात होतो, तरी उंच मुलांकडून तो क्वचितच करून घेतला जातो.

मिकन इतका भारी पडू लागला, की १९५१ मध्ये एनबीएनं रिंगसमोरचा तीन सेकंदांचा पट्टा, म्हणजे हल्ला करणाऱ्याला जिथं तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही ती जागा, ६ फुटांचा १२ फूट रुंद केला. १९६४ मध्ये तो १६ फूट झाला, तो चेंबरलेनमुळे. सेंटरला रिंगपासून लांब ढकलायचं, हाच हेतू.

१९६७ मध्ये अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवर, म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबण्यावर, बंदी आली. ती पुढं करीम अब्दुल-जब्बार या नावानं गाजलेल्या खेळाडूला रोखण्यासाठीच, असं लोक म्हणत. झालं भलतंच. त्याचा स्कायहुक हा शॉट आणखी पक्का झाला. डावा पाय रोवलेला, बॉल आणि बचाव करणारा यांच्यामध्ये अख्खं अंग, ७ फूट २ इंचांच्या माणसाचा पूर्ण ताणलेला हात आणि शेवटी मनगटाची हलकी फेक. एनबीए कारकिर्दीतला ३८,३८७ गुणांचा त्याचा विक्रम २०२३ पर्यंत टिकला. एवढा हमखास शॉट पुढच्यांनी मुख्य हत्यार म्हणून का उचलला नाही, हे मला कोडंच आहे. डंकसारखा झोकदार दिसत नाही म्हणून असेल.

तरी पाय म्हणाल, तर माझं मत हकीम ओलाजुवानला. नायजेरियातल्या लागोसचा हा मुलगा आधी हँडबॉल खेळायचा आणि फुटबॉलमध्ये गोलकीपर होता. बास्केटबॉल हातात आला तो पंधरा वर्षांचा झाल्यावर. रिंगकडे पाठ करून बॉल घ्यायचा, एका खांद्यानं हूल द्यायची, समोरचा तिकडं झुकला की उलट वळायचं. तो सावरला तर पाऊल पुन्हा आत, तोवर त्याची उडी मारून झालेली. १९९५ च्या बाद फेरीत समोर होता डेव्हिड रॉबिन्सन, त्याच मोसमाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू. बचावातही नावाजलेला. तरी सहा सामन्यांत ओलाजुवानची सरासरी ३५ गुणांची. आणि बचावात कारकिर्दीभरात त्याचे स्वतःचे ३,८३० ब्लॉक, तो विक्रम अजून कायम.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूनं होती. तेव्हा एनबीएत झोन बचावाला, म्हणजे माणूस न धरता जागा राखण्याला, मनाई होती, त्यामुळे एकास एक झुंज बऱ्याचदा मिळायची. ती मनाई २००१-०२ मध्ये उठली.

शकील ओनीलचं काय, असं कुणी विचारेलच. दीडशे किलोंच्या आसपासचा माणूस, २००० पासून सलग तीन विजेतेपदं. ताकद सगळ्यांनी पाहिली, त्या देहाखालचे चपळ पाय फार थोड्यांनी. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट, त्याबद्दल मात्र न बोललेलं बरं.

युरोपात तर पट्टाच वेगळा होता. आपल्याकडे काही जुन्या कोर्टांवर तिरक्या बाजूंचा पट्टा अजून दिसतो ना, तोच. आंतरराष्ट्रीय नियमांत तो २०१० मध्ये आयताकृती झाला. त्या तिरक्या रेषांमुळे सेंटर रिंगपासून बाहेर ढकलला जायचा आणि तिथून त्याला पास द्यावेच लागायचे. लिथुआनियाचा साबोनिस त्याच मुशीतला. सर्बियाचा निकोला योकिच त्याच्या पुढचा. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याची निवड ४१वी, तीही टीव्हीवर जाहिरात चालू असताना. उडी बेताची, वेग बेताचा. पण २०२४-२५ मध्ये सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला थेट बास्केट करून देणारे पास. तिन्ही सरासऱ्या दोन आकडी नेणारा तो पहिला सेंटर. अंगावर दुसरा माणूस धावून आला की बाकीच्या सेंटरची पंचाईत होते. योकिच त्याची वाटच बघत असतो, कारण तिकडं कुणीतरी मोकळा सुटलेला असतो.

आणि आता फ्रान्सचा व्हिक्टर वेंबान्यामा. सव्वासात फुटांच्या वर उंची, तरी बॉल पुढं नेणाऱ्या गार्डसारखा ड्रिबल, लांबून तीन गुणांचे शॉट, पहिल्याच मोसमात सामन्यागणिक ३.६ ब्लॉक. रिंगकडे पाठ करून खेळणं मात्र त्याला अजून पुरतं साधलेलं नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात तो ह्यूस्टनला गेला होता, ओलाजुवानकडे पाय शिकायला.

नमस्कार.