दोन धुऱ्यांच्या मधलं नाव : इंग्रजीतलं अपोझिशन

राम राम पोरांनो. मागं पराटी दिसते ना, आज वावरातच बसून व्याकरण करू.

परवा दहावीतल्या एका मुलीनं विचारलं, “सर, अपोझिशन म्हणजे विरोधी पक्ष ना?” नाही बेटा, तो ऑपोझिशन. आपला अपोझिशन लॅटिनमधल्या ‘जवळ ठेवणे’ या अर्थाच्या क्रियापदातून आला. एकाच माणसाची, एकाच वस्तूची दोन नामं शेजारी ठेवायची, बस्स. मराठी व्याकरणात त्याला समानाधिकरण म्हणतात आणि तुम्ही ते रोज बोलता. ‘आमचा बैल ढवळ्या.’ बैल तोच, ढवळ्याही तोच.

आता इंग्रजी ऐका. ‘गाडगेबाबा, अ सन ऑफ शेंडगाव, स्वेप्ट व्हिलेज स्ट्रीट्स.’ बाबा १८७६ साली शेंडगावला जन्मले, म्हणून ‘सन ऑफ शेंडगाव’ म्हणजे बाबाच. मधला तुकडा उचलून बाजूला ठेवा. वाक्य तरी उभंच! म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना स्वल्पविराम, वावराला दोन्हीकडून धुरा, म्हणजे बांध, असतो तसा. पोरं पहिला देतात, दुसरा विसरतात. पेपर तपासताना माझा जीव तुटतो, कारण वर्णन कुठं संपलं हेच मग कळत नाही.

पण धुरा नसतो कधी? इथं जरा थांबा, मला हा भाग फार आवडतो. ‘माय ब्रदर रमेश वर्क्स इन नागपूर.’ स्वल्पविराम नाही. म्हणजे भाऊ अनेक, त्यांतला रमेश. रमेशचं नाव काढलं तर कोणता भाऊ ते समजणार नाही. आता ‘माय ब्रदर, रमेश, वर्क्स इन नागपूर.’ भाऊ एकच, नाव सहज सांगितलं. दोन बारीक खुणांनी घरात भाऊ किती ते सांगून टाकलं! घरच्या माणसांच्या नावांपुढं इंग्रज लेखकही कधी हे स्वल्पविराम गाळतात, पण तुम्ही आधी नियम पक्का करा.

क्रियापदाचं वचन मात्र पहिल्या नामाप्रमाणं ठरतं. ‘द बुलक्स, माय ओन्ली वेल्थ, आर सिक.’ ‘वेल्थ’ एकवचनी आहे म्हणून ‘इज’ लिहाल तर चुकाल. आजारी बैल आहेत.

आता वही काढा. ‘लोणार अ क्रेटर लेक इन बुलढाणा डिस्ट्रिक्ट बिकेम अ रामसर साइट इन २०२०.’ रामसर साइट म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. यात दोन्ही धुरे तुम्ही घाला.